नववी ‘ब’चं रोम

शाळेत कुणाला कशावरही नेमलं, की जगदाळे सर एकच प्रश्न विचारायचे, “मुदत किती?”

सहलप्रमुख म्हणून चव्हाणांचं नाव हेडसरांनी वाचून दाखवलं, तेव्हा मागच्या खुर्चीतून आवाज आला, “मुदत किती?” पाणी भरायला नवा शिपाई लागला, त्यालाही पहिल्याच दिवशी विचारलं. आमच्या चित्रकलेच्या सरांचं लग्न झालं, अक्षता पडल्या, जेवणं झाली. जगदाळे सर पाकीट घेऊन नवरा-नवरीसमोर गेले आणि तोंड गंभीर ठेवून म्हणाले, “अभिनंदन. मुदत किती?” नवरा हसला. नवरी हसली नाही. पुढं वर्षभर त्या घरातून सरांना चहाचं बोलावणं आलं नाही.

“आवं बाई,” ते मला म्हणाले होते, “मुदत संपलेलं औषध आनि मुदत नसलेला साहेब, दोन्ही पोटाला बाधत्यात. रोमच्या लोकांनी हे लय आधी वळखलं. राज्य करायला मानूस नेमायचा तर वर्षासाठी. आनि एक न्हाई, दोन. दोघांचा हुद्दा सारखा. एकानं चुकीचा हुकूम सोडला की दुसऱ्यानं म्हनायचं, थांब.”

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. इस्लामपूरच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यातलं एक गाव, एवढं पुरे. माझं माहेर वाईचं, सासर या गावातलं. शाळेत मी गणित शिकवत होते आणि शिवाय वेळापत्रक, परीक्षेची बैठकव्यवस्था, पर्यवेक्षणाच्या पाळ्या, असं जे जे यादी करून होतं ते सगळं माझ्याकडे होतं. याद्या मी अजूनही करते. सरांवर लिहायचं ठरवल्यावरही आधी यादीच केली. अकरा मुद्दे झाले. शेवटचा सोडला तर बाकीचे लिहायला सोपे आहेत.

सर मूळचे रहिमतपूरच्या बाजूचे, शेतकरी घरातले. पंधरा वर्षं सैन्यात होते. तिथं जवानांना लिहायला-वाचायला शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. एका छावणीच्या वाचनालयात रद्दीत काढलेलं एक इंग्रजी पुस्तक त्यांना मिळालं. कव्हर नाही, पहिली साठ-सत्तर पानं नाहीत. त्यात रोमचा कारभार कसा चालायचा ते होतं. बर्फात अडकून पडलेल्या एका हिवाळ्यात त्यांनी ते शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं. “त्यामुळं रोम सुरू कसं झालं ते मला न्हाई ठाऊक,” ते सांगायचे. “मी गेलो तवा ते सुरूच हुतं.”

पुढं त्यांनी बी.ए. केलं, बी.एड. केलं, इतिहास-नागरिकशास्त्राचे शिक्षक झाले, बाकीचं रोमही वाचून काढलं. पण त्यांच्या बोलण्यातून रोम कायम वाळवा तालुक्यात असल्यासारखंच यायचं. रोमच्या सिनेटला ते ‘म्हाताऱ्यांची बैठक’ म्हणत. “आपली राज्यसभा कुठनं आली? तिथनंच. वरचं सभागृह, खालचं सभागृह, खानेसुमारी, अमेरिकेच्या अध्यक्षाचा नकाराधिकार, सगळ्याचं मूळ त्या गावात. गावच हुतं ते. आपल्यासारखं नदीकाठचं.” संकटात गावानं एका माणसाला नांगरावरून उठवून सगळी सत्ता दिली, त्यानं पंधरा दिवसांत काम उरकलं आणि परत जाऊन नांगर धरला, ही गोष्ट तर ते अशी सांगायचे, की मुलं विचारत, “सर, त्याचा ऊस कुठल्या कारखान्याला जायचा?”

सैन्यातून त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या: कडक इस्त्रीची खाकी पँट, पहाटेची दाढी आणि वेळ. सायकल ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात. मधल्या सुट्टीत एका चपट्या डब्यातून भाजलेल्या शेंगा आणि गूळ निघायचा. शेंगा सगळ्यांना, टरफलं मात्र ज्यानं त्यानं कागदात गोळा करायची. हेडसरांचं एक टरफल एकदा खाली पडलं, तर सर बोलले नाहीत, नुसते त्या टरफलाकडे पाहत राहिले. हेडसरांनी वाकून उचललं.

मुलांना ते नावानं कमी आणि ‘नागरिक’ म्हणून जास्त हाक मारायचे. “ओ नागरिक, सदऱ्याचं बटन कुठाय?” “नागरिक लोकहो, आवाज कमी.” निवडणुकीच्या दिवसांत एखादा उमेदवार पांढऱ्याशुभ्र कपड्यात जीपमधून शाळेवरून गेला, की खिडकीतून बघत म्हणायचे, “आला बघा खडू चोळून. रोमलाबी मतं मागायला जाताना झग्याला खडू चोळायचे. पांढरं दिसाय पायजे. आत काय हाय ते निवडून आल्यावर.”

मी एकदा विचारलं, “सर, तुमच्या रोममध्ये बायकांना मत होतं का?”

ते शेंग सोलायचे थांबले. “न्हवतं.”

“आणि गुलाम?”

“लय हुते.” हातातली शेंग परत डब्यात टाकून म्हणाले, “बाई, चांगलं घर बघितलं म्हनून त्याच्या मोरीला वास येत न्हाई असं नसतं. आपन घराचा नकाशा घ्यायचा. मोरी नवी बांधायची.” दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वर्गाचा एक नियम बदलला. आता त्या वर्गाबद्दल.

नववी ‘ब’ हा सरांचा वर्ग. तिथं मॉनिटर नव्हता. दोन प्रमुख होते, दोघांचा अधिकार सारखा, मुदत एक महिना. भिंतीवर पुठ्ठ्यावर बारा नियम लिहून लावलेले. बारा का, तर रोमच्या लोकांनी भांडून कायदे लिहून घेतले आणि भर चौकात लावले, ते बारा तक्त्यांवर. “नियम साहेबाच्या डोक्यात असला तर तो नियम न्हवं, लहर. भिंतीवर असला तर नियम.” महिना संपला की दोघं प्रमुख फळ्यापाशी उभे राहत आणि वर्ग त्यांना प्रश्न विचारी. एकदा एका बागायतदाराच्या मुलाला एका मुलीनं विचारलं, “पंख्याखालची जागा महिनाभर तुलाच कशी काय?” मुलगा रडला. सरांनी नंतर त्याला मूठभर शेंगा दिल्या आणि म्हणाले, “ह्यापेक्षा वाईट व्हायचं रोमला. तू सुटलास, गड्या.”

आणि तिसरा एक जण असे. तो प्रमुखांच्या वर नाही, खालीही नाही. शेवटच्या बाकावरच्यांनी निवडायचा. त्याला काहीही करायचा अधिकार नाही, फक्त थांबवायचा. प्रमुखाचा असो, शिक्षकाचा असो, एखादा हुकूम वर्गावर अन्यायाचा वाटला, तर उभं राहून एक शब्द म्हणायचा: ‘मना’. मग ती गोष्ट त्या दिवशी थांबे. दुसऱ्या दिवशी वर्ग चर्चा करून ठरवी. रोममध्ये सामान्य लोकांचा असा प्रतिनिधी असे. त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असलं पाहिजे, असा तिथला रिवाज. माझ्या त्या प्रश्नानंतर सरांनी बदललेला नियम हा, की ‘मना’ म्हणणारी मुलगीच असेल.

शिक्षकखोलीत याची चेष्टा व्हायची. पण नववी ‘ब’मध्ये छडी लागत नव्हती, खडू चोरीला जात नव्हता आणि गणिताचा तास मला तिथं घ्यायला आवडायचा. एकदा सलग तिसऱ्या तासाला मी गणितच घेऊ लागले, तर मागून ‘मना’ आलं. मी रागावले, मग घड्याळ पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

सर असंच काहीसं मोठ्यांच्या जगातही करून बसले होते. संस्थेच्या नियमावलीत काही वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली, तेव्हा त्यांनी पाठपुरावा करून एक कलम घालून घेतलं होतं. शाळा समितीत शिक्षकांचा एक प्रतिनिधी असे. कुणा कर्मचाऱ्याच्या बदलीचा ठराव आला आणि त्या प्रतिनिधीनं सभेत लेखी हरकत दिली, तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबेल. म्हणजे तीन महिने. कलम इतकं साधं होतं, की मंजूर करताना कुणाला त्यात काही वाटलं नाही. “थांबवायचं फक्त,” सर म्हणायचे. “राग तीन महिनं टिकत न्हाई, बाई. टिकला तर मग ते खरं कारन आसंल.”

त्या वर्षी प्रतिनिधी मी होते. सरांनीच माझं नाव सुचवलं होतं. “कानडे बाईंच्या यादीत चूक नसती,” एवढंच कारण त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी हात वर केले. त्यांनी मला मुदत विचारली नाही, कारण ती ठरलेली होती: एक वर्ष.

त्या जानेवारीत संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार होता. नाक्यापासून सभागृहापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मुलं उभी करायची, हातात फुलं, अध्यक्षांची गाडी सावकाश जाईल. कुठल्या वर्गानं कुठं उभं राहायचं त्याचा आराखडा मीच केला होता. नववी ‘ब’ सभागृहाच्या फाटकापाशी, डाव्या बाजूला.

सकाळी अकराला वर्ग निघू लागले. नववी ‘ब’ निघाली नाही. मी आराखडा हातात घेऊन बघायला गेले. शोभा माने नावाची मुलगी शेवटच्या बाकापाशी उभी होती. त्या महिन्यात ‘मना’ तिच्याकडे होतं.

“काय झालं, शोभा?”

“मना केलंय, बाई.”

“कशाला?”

“मागच्या टायमाला पाव्हणे आले तवा दोन तास उन्हात उभं केलं. माझी बहीण चक्कर येऊन पडली. पाणी मागितलं तर म्हणाले, गाडी गेल्यावर. आज बी तसंच होणार. उद्या चर्चा करू.”

“उद्या सत्कार नाही, बाळ. आज आहे.”

“म्हणून तर आज मना केलंय, बाई.”

सर टेबलाशी बसून वह्या तपासत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी वहीकडे. इतक्यात हेडसर आले. घाम पुसत म्हणाले, “जगदाळे, उठवा मुलांना. गाडी निघाली.”

सर उभे राहिले. “सर, मला न्हाई उठवता येत.”

“म्हणजे?”

“तिनं मना केलंय. नियम सात.” त्यांनी भिंतीकडे हात केला. “मीच लिवलाय.”

“तुम्हीच लिहिलाय ना, मग तुम्हीच मोडा. पाच मिनिटांसाठी.”

“पाच मिन्टासाठी मोडायचा हुता तर पुठ्ठ्यावर कशाला लिवला असता, सर? फळ्यावर लिवला असता.”

हेडसर स्वभावानं वाईट नव्हते. ते हात जोडून म्हणाले, “अहो, पोरांचा खेळ आहे तो.”

तेव्हा सर पहिल्यांदा वर्गाकडे वळले. “नागरिक लोकहो, हेडसर म्हंत्यात खेळ हाय. तुमचं काय म्हननं?” बासष्ट मुलांपैकी कुणी जागचं हललं नाही. मला आठवतं, हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आराखड्यावर वाकून आठवी ‘अ’ला थोडं पुढं सरकवता येईल का ते बघू लागले.

सरकवायला वेळ मिळाला नाही. सभागृहाच्या फाटकापाशी डाव्या बाजूला वीस-पंचवीस पावलांची मोकळी जागा राहिली. अध्यक्षांनी ती बघितली आणि विचारलं, “इथं कोण होतं?”

पुढच्या आठवड्यात शाळा समितीची सभा लागली. विषयपत्रिका माझ्या हातात आली. विषय सहा: श्री. जगदाळे यांची बदली. ठिकाण जतच्या बाजूला, कर्नाटकाच्या हद्दीजवळची संस्थेची शाखा. विषय सात: पर्यवेक्षिका पदावर नेमणूक. नाव माझं होतं.

सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मुलगा सैन्यात. घरी नवरा-बायको दोघंच, आणि वहिनींच्या डोळ्यांत काचबिंदू. दर पंधरा दिवसांनी सर त्यांना एसटीनं मिरजेला न्यायचे, दाब तपासून आणायचे, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे. वेळ पाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाखेच्या गावाहून मिरजेला जाऊन यायला दिवस पुरला नसता, आणि त्या गावात डॉक्टरच नव्हता.

सभेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. कशाला गेले ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनी मला विनंती करावी असं वाटत होतं. त्यांनी चहा केला, शेंगा दिल्या आणि मुलांच्या चाचणीबद्दल बोलत राहिले. शेवटी वहिनीच भिंत धरत बाहेर आल्या. “बाई, ह्ये काय तुमाला बोलायचे न्हाईत. पण मिरजेचं मी कसं करायचं?”

सरांचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. “आत जा. प्रतिनिधीला घरात बसवून भीड घालायची नसती.”

मी वहिनींचा हात धरला आणि म्हणाले, “वहिनी, मी आहे ना.”

हे माझे शब्द. कुणी माझ्याकडून वदवून घेतलेले नाहीत.

घरी येऊन मी हरकत लिहिली. कलमाचा क्रमांक, कारणं तीन, खाली सही, तारीख. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. एक समितीला, एक कार्यालयाला, एक माझ्या फाइलला. अक्षर चांगलं आलं होतं. कागद पिशवीत ठेवले.

सभेत इतिवृत्त लिहायचं कामही माझ्याकडेच असायचं. एक ते पाच विषय झाले. सहावा अध्यक्षांनी स्वतः वाचला. आवाज शांत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कलमाप्रमाणे विचारलं पाहिजे. शिक्षक प्रतिनिधींचं काही म्हणणं?” आणि लगेच, हसून, सचिवांना: “बाईंचा आराखडा काय सुंदर होता हो सत्काराचा. अशी माणसं वर यायला पाहिजेत.”

पिशवी माझ्या पायाशी होती. तिच्या बंदाला माझा हात लागलाही. त्या वेळात माझ्या मनात काय आलं ते मला शब्दशः आठवतं, कारण मी तिथंही यादीच केली. एक: ठराव थांबला तरी तीन महिन्यांनी पुन्हा येणारच. दोन: विषय सात मग येणार नाही. तीन: माझ्या मुलीची बारावी, पुढचा खर्च. चार: सर माणूस खंबीर आहे, ते निभावतील. चारही मुद्दे बरोबर होते. आजही त्यांतला एकही खोडता येत नाही.

“काही नाही, साहेब,” मी म्हणाले.

चहा आला. विषय सात मंजूर झाला. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘प्रतिनिधींची हरकत नाही. ठराव एकमताने मंजूर,’ आणि सही केली. हरकतीच्या कागदांची पाठ कोरी होती. पुढच्या चाचणीची बैठकव्यवस्था मी त्यांवर लिहिली. कागद वाया घालवायची मला सवय नव्हती.

बदलीचा हुकूम सरांच्या हातात पडला तेव्हा शिक्षकखोलीत आम्ही सातआठ जण होतो. त्यांनी तो उभ्यानं वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि हेडसरांना विचारलं, “मुदत लिवल्याली न्हाई?” कुणी हसलं नाही. मग ते माझ्याकडे आले. मी आधीच बोलायला सुरुवात केली, “सर, माझा नाइलाज—”

“इतिवृत्तात काय लिवलंय, बाई?”

“हरकत नाही, असं.”

“तुमी सभेत तसं म्हनला हुता?”

“हो.”

“मग बरोबर हाय,” ते म्हणाले. “झालं त्येच लिवायचं. मागनं गोड करून लिवू न्हाई.” आणि डबा उघडून त्यांनी सगळ्यांना शेंगा दिल्या. मलाही दिल्या. मी त्या खाल्ल्या.

नववी ‘ब’वरचा त्यांचा शेवटचा तास मी ऐकला. माझा ऑफ तास होता. व्हरांड्यातून जाताना थांबले. सर निरोपाचं बोलत नव्हते. पाठ जिथं थांबला होता तिथून पुढं चालला होता. एका मुलानं विचारलं, “सर, रोमचं लोकांचं राज्य बुडवलं कुणी? शत्रूनं?”

“शत्रूनं न्हाई. बुडालं ते बाहेरनं दिसलंच न्हाई. म्हाताऱ्यांची बैठक भरत हुती, ठराव हुत हुते, प्रमुख निवडत हुते, लोकांचा प्रतिनिधीबी हुता. सगळ्या खुर्च्यांवर मानसं हुती.”

“मग?”

“मग काय. कुनी थांब म्हनंना.”

शोभा माने त्या तासाला रडत होती. तिला वाटत होतं, सरांची बदली तिच्यामुळं झाली. मी आत जाऊन तिला खरं सांगू शकले असते: तुझ्यामुळं नाही, पोरी, ती थांबवायचं माझ्या हातात होतं. घंटा झाली आणि मी दहावीवर गेले. ती मुलगी ते ओझं घेऊन पुढं कुठं गेली, मला माहीत नाही. त्या एप्रिलनंतर ती शाळेत आली नाही. पुठ्ठा जूनमध्ये रंगकामाच्या वेळी उतरवला आणि नववी ‘ब’ला मॉनिटर नेमला गेला. नेमणुकीच्या यादीवर सही पर्यवेक्षिकेची असते.

वहिनी रहिमतपूरला भावाकडे राहायला गेल्या. सर एकटे शाखेवर.

दीड वर्षानं संस्थेची अंतर्गत तपासणी निघाली आणि ती शाखा माझ्या वाट्याला आली. मला ती दुसऱ्या कुणाला देता आली असती; पाळ्या मीच लावल्या होत्या. पण मी ठरवलं, जायचं आणि सांगायचं. काय काय सांगायचं ते एका कागदावर लिहून घेतलं. पहाटेची बस धरून, दोन गाड्या बदलून दुपारी पोचले. माळावर चार खोल्यांची शाळा, पत्र्याचं छप्पर, एक बोअर. मुलं आपसांत अर्धं कानडी बोलत होती.

मी वर्गाच्या दारात गेले तसे सर उभे राहिले. खाकी पँट तशीच, इस्त्रीची. केस पार पांढरे झाले होते. “या, मॅडम,” ते म्हणाले.

आठ वर्षं ते मला बाई म्हणत आले होते.

मी बसा म्हणेपर्यंत ते बसले नाहीत. टाचणवही दाखवली, हजेरीपट दाखवला, विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. बोलण्यात राग नव्हता. हुद्द्याला द्यायचा मान ते हुद्द्याला देत होते, आणि त्याच्या पलीकडे माझ्यासाठी तिथं काही नव्हतं. मुलांना त्यांनी सांगितलं, “संस्थेच्या साहेब हायत. नमस्कार करा.” मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर पुठ्ठा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, एवढाच माझा स्वार्थ.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, “वहिनी कशा आहेत?”

“एक डोळा गेला. दुसरा हाय.” मग माझं तोंड बघून म्हणाले, “तो तसाबी जायाचाच हुता, मॅडम. डॉक्टर आधीच म्हनले हुते.”

डॉक्टर असं म्हणाले होते की नाही, मला माहीत नाही. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं असावं. आणि मी ते ताबडतोब घेतलं, खरं मानलं, मान हलवली. लिहिलेला कागद पर्समध्ये होता. तो तिथंच राहिला.

साडेतीनची बस एकच. ते रस्त्यापर्यंत सोडायला आले. बाभळीखाली दहा-बारा मिनिटं उभे होतो. ते बोअरच्या पाण्याबद्दल बोलले, गळक्या पत्र्याबद्दल बोलले, तेवढं अहवालात घ्या म्हणाले. बस आली. ते कंडक्टरला म्हणाले, “आमच्या साहेब हायत. पुढची जागा द्या.” पुढच्या जागेवरच्या म्हाताऱ्यानं उठून मला जागा दिली.

बसल्यावर मी तपासणीचा तक्ता काढला. गाडी सुरू व्हायच्या आत काम उरकायची मला सवय आहे. पाणी, छप्पर, फळा, हजेरी. शेवटचा रकाना: शिक्षकांविषयी शेरा. त्यात पान भरून लिहिण्यासारखं होतं. पण तो तक्ता अध्यक्षांच्या टेबलावर जाणार होता, आणि जास्तीचं काही लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. मी ‘समाधानकारक’ असं लिहिलं. तिथल्या बाकीच्या शिक्षकांपुढं लिहिला होता तोच शब्द.

वर पाहिलं तेव्हा गाडीनं वेग घेतला होता. सर शाळेच्या वाटेला लागले होते, पाठमोरे, भरभर, तासाची वेळ झाली असावी तसे. त्यांनी मागं वळून पाहिलं असेलही. मी तेव्हा कागदावर वाकले होते.